आक्काबाईचा पसारा

अंगणवाडीच्या मागच्या अंगणात जो ढीग होता, त्याला गाव उकिरडा म्हणायचं आणि आक्काबाई पसारा म्हणायची. या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण ते गावाला कधी कळलं नाही, आणि ज्या एका बाईला चांगलं कळलं होतं, तिनंच दगा दिला.

भडगावपासून जरा लांब, गिरणेच्या काठची ती वस्ती. आक्काबाई तिथल्या अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांना घरून बोलावून आणायची, झाडलोट करायची. शिकवायचं काम तिचं नव्हतंच, ते सेविका कुंदाताईंचं. पण कुंदाताईंना रोज माहिती भरायची असायची, मोबाईल चालला नाही की दुपार त्यातच जायची. मग पोरं आपोआप मागच्या अंगणात, पसाऱ्याकडे.

काय नव्हतं त्या पसाऱ्यात! शेतातून काढून टाकलेल्या ठिबकच्या काळ्या नळ्या, केळीची वाळलेली सोपटं, सायकलचे टायर, तेलाचे रिकामे डबे, करवंट्या, नदीतले गोटे. तेवीस वर्षं बाईनं एकेक वस्तू डोक्यावरून आणली होती. धार असेल ती दगडावर घासून बोथट करायची, गंज असेल तर रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची, मगच ढिगात टाकायची. पोरगं येऊन विचारायचं, "आक्का, याचं काय करू?" तर तिचं एकच उत्तर ठरलेलं, "करी देख." करून बघ. त्यापुढे अवाक्षर नाही. कोणी रडलं तरी ती लगेच धावत जायची नाही, चुलीपाशी बसून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहायची. आया भांडायला यायच्या, "आक्का, पोराचा गुडघा फुटला!" त्यावर ही म्हणायची, "गुडघा भरी येईल व माय, पण भ्यायलेलं पोर लवकर भरी येत नाही."

तिच्या गल्लीतली प्रज्ञा अशीच आली होती. पाच वर्षांची झाली तरी तोंड उघडत नव्हती, सदानकदा आईच्या पदराआड. लोक म्हणायचे मुकी आहे. ती पोर तीन आठवडे एकटीच ठिबकच्या नळीशी बसली. डब्यातलं पाणी नळीतून टायरवर चढवायचा तिचा हट्ट. पाणी काही चढेना. एक दिवस ती चुलीपाशी येऊन उभी राहिली आणि बोलली, "आक्का, पानी वर काब्र नही चढत?"

पाणी वर का चढत नाही? आयुष्यात घरच्या माणसांबाहेर बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. आक्काबाईच्या हातातला झारा तसाच राहिला. उचलून मुके घ्यावेत असं वाटलं, पण बाई पक्की. म्हणाली, "करी देख." चौथ्या दिवशी पोरीनं डबाच उचलून टायरपेक्षा उंच धरला. पाणी बरोबर टायरवर पडलं. तिनं जी आरोळी ठोकली, ती नदीपलीकडे ऐकू गेली असेल.

पुढे ती धुळ्याला कॉलेज शिकली, परीक्षा दिली आणि पर्यवेक्षिका होऊन त्याच अंगणवाड्यांवर आली. मॅडम झाली. ज्या दिवशी तिची स्कूटी पहिल्यांदा अंगणवाडीसमोर थांबली, त्या दिवशी आक्काबाईनं खिचडीवर दुप्पट शेंगदाणे घातले. तिला एकच घोर होता. दोन वर्षांनी आपण घरी बसणार, मग या पसाऱ्याचं काय? नवी कोणी येईल आणि एका सकाळीत सगळं बाहेर फेकेल. सरकारी वस्तू असती तर नोंदवहीत असती, तिला कोणी हात लावला नसता. आता आपली प्रज्ञाच मॅडम म्हटल्यावर घोर कसला?

"प्रज्ञा," ती म्हणाली, "मना पसारा वहीत लिही दे ना बाई. मी नसले तरी राहायला पाहिजे."

मॅडमनी पेन काढलं. मग म्हणाल्या, "लिहू की, आक्का. तुम्ही यादी सांगा."

अहाहा, काय थाटात यादी झाली! टायर अकरा. नळ्यांची भेंडोळी सात. डबे लहान-मोठे एकोणीस. करवंटी न् करवंटी आक्काबाईनं सांगितली, मॅडमनी लिहिली. आठवड्यानं टाईप केलेला कागद आला. आक्काबाई सातवी पास, अक्षर जुळवत वाचायची. वर ठळक लिहिलं होतं, 'निर्लेखन यादी'. 'लेखन' तिला बरोबर कळलं. समोरच्या 'निर्'पाशी बोट अडकलं.

"हे निर् काय शे?"

"सरकारी भाषा आहे, आक्का," मॅडम कागदाकडे बघत म्हणाल्या. "लेखन म्हणजे लिहिणं. तुमचा पसारा सरकारी कागदावर लिहिला गेला बघा. इथे सही करा."

आक्काबाईनं झोकात सही केली, आणि पोरांना गूळ वाटला. वाटू दे बिचारीला. आपल्याच मरणाचा गूळ वाटणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी ती कामावर आली तर मागच्या अंगणात टेम्पो. भंगारवाला हिलाल टायर फेकत होता. आक्काबाई टेम्पोला आडवी झाली, तोंडाला येईल ते बोलली. हिलालनं खिशातून कागद काढला. खाली तिचीच सही, वळणदार.

"आक्का, निर्लेखन म्हणजे वस्तू मोडीत काढणं," तो हळू आवाजात म्हणाला. "मी दरसाल किती कचेऱ्यांचा माल उचलतो. तुमचं तुम्हीच लिहून दिलंय, मी काय करू?"

ती तिथेच गोट्यांवर बसली. "बठ्ठं गयं का व माय," सगळं गेलं, एवढंच म्हणाली. चोरानं नेलं असतं तर शिव्या देता आल्या असत्या. इथे केसानं गळा कापला होता, आणि केस ज्या वेणीचा होता ती वेणी हिनंच घालून दिली होती.

महिन्याभरात तिथे 'आनंददायी खेळ कोपरा' झाला. प्लॅस्टिकची घसरगुंडी, भिंतीवर तक्ते, रंगीत ठोकळ्यांचं कपाट. कपाटाला कुलूप, कारण ठोकळा हरवला तर तपासणीत उत्तर द्यावं लागतं. उद्घाटनाला साहेब आले. मॅडमनी पडद्यावर दोन फोटो दाखवले. पहिल्याखाली 'पूर्वीची दुरवस्था' असं लिहिलेलं, फोटो पसाऱ्याचा. आणि मॅडम भाषणात काय म्हणाल्या? लहानपणी मी बोलत नव्हते, याच अंगणात बोलायला शिकले. नळीचं नाव नाही, टायरचं नाव नाही. मग टाळ्या, आणि आक्काबाईच्या खांद्यावर शाल.

साहेब चहाला गेल्यावर आक्काबाईनं मॅडमना गाठलं. शाल अजून खांद्यावरच होती.

"प्रज्ञा, तू माले खोटं काब्र बोलनी?"

मॅडमची मान खाली गेली, मग वर आली. "आक्का, वरून यादी आली होती. अंगणवाडी नमुनेदार करायची. आणि खरं सांगितलं असतं, तर तुम्ही सही दिली असती का?"

"नही."

"मग? माझ्यापुढे दुसरा मार्ग होता का?"

आक्काबाई तिच्याकडे बघत राहिली. पाणी चढत नाही म्हटल्यावर डबा उचलणारी पोर ही. अडलं की वाट काढायची, हे जे शिकली होती ते विसरली नव्हती. वापरलं कोणावर, एवढंच.

तेवढ्यात पाच वर्षांच्या दिव्यानीनं आक्काबाईचा पदर ओढला. घसरगुंडीवर बाकी पोरांची रांग होती, हिचा नंबर लागत नव्हता.

"आक्का, आते काय करू?"

'करी देख' ओठांवर आलं. आक्काबाईनं कुलपाकडे बघितलं, झाडून लखलखीत केलेल्या फरशीकडे बघितलं. करून बघायला काही उरलंच नव्हतं.

"त्या मॅडमले इचार," ती म्हणाली.

पोर गेली. मॅडम खाली वाकल्या, तिच्या गालाला हात लावला. "इथे बसायचं हं बाळा. हाताची घडी, तोंडावर बोट."

दिव्यानी लगेच बसली. हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं. नळी घेऊन बसायची तेव्हा प्रज्ञाही एवढीच होती. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "किती शहाणी आहे!"

आक्काबाईनं शाल काढली, घडी घालून मॅडमच्या खुर्चीवर ठेवली आणि खिचडीची भांडी घासायला मागे गेली.