काचेतल्या गोळ्या

हिवतापाच्या गोळ्या साध्या गिऱ्हाइकासारख्या विकत आणायच्या आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासायला द्यायच्या, हे माझं काम. दुकानदाराला पत्ता लागता कामा नये. कळलं की तो चांगला माल काढून देणार, मग तपासायचं काय, डोंबल? खोपोलीत हे बिनबोभाट जमलं. आमच्या गावच्या नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मात्र पंचाईत होती, गावात कुठनं तरी ओळख निघतेच.

मी सासूबाईंचं विटकं पातळ नेसले, डोक्यावरून पदर घेतला. सासूबाई म्हणाल्या, "सोंग बरं वठलंय, तोंड तेवढं बंद ठेव." नेमकं तेच मला जन्मात जमलेलं नाही.

दुकानाच्या दर्शनी काचेत औषधांची पाकिटं ओळीनं मांडलेली, वर दुपारचं रणरणतं ऊन. पापड वाळत घातलेत की औषधं? मनातल्या मनात चडफडत मी चिठ्ठी पुढे केली. दुकानदारकाकांनी चष्म्यावरून पाहिलं नि विचारलं, "कुणाची गं तू?"

आता आमच्याकडं वडीलधाऱ्यानं असं विचारलं की उत्तर आपोआप बाहेर पडतं. माहेर, सासर, सासऱ्यांचं नाव, सगळं भडाभडा सांगून मी मोकळी. काका गालात हसले. "म्हंजे कॉलेजात औषधं तपासती ती सून." काचेला हातही न लावता आत गेले, पंख्याखालच्या कपाटातलं पाकीट आणून माझ्या हातात ठेवलं. वर "सासऱ्यांना नमस्कार सांग."

माझ्यामागं ठाकुरवाडीकडची एक बाई उभी होती. नवऱ्याचं रक्त तपासलं होतं, हिवताप निघाला होता. चिठ्ठीवर गोळी तीच. काकांनी तिला कुणाची म्हणून विचारलं नाही. काचेत हात घातला नि माझ्या पाकिटासारखंच पाकीट तिच्यापुढं टाकलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तिला रस्त्यात गाठलं. "बाय, तुजं पाकीट मला दे, माजं तू घे."

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "का गं? तुजं खराब हाय?"

"नाय गं. तुजं खराब असंल म्हणून. ते उन्हात होतं. मी कॉलेजात तपासाया देते."

"मंग दोनी मला दे," ती डोळे मिचकावत म्हणाली. बाई माझ्यापेक्षा वस्ताद. पण शेवटी माझं पाकीट कमरेला खोचून ती तरातरा निघाली. नवरा तापानं फणफणत होता, तिला कुठं वेळ होता?

तपासणीत तिच्या गोळ्यांत औषध कमी भरलं. अहवाल जायचा तिकडं गेला.

पुढं एकदा खोकल्याचं औषध घ्यायला गेले, तर काका खुशीत. "काय सूनबाई, आमचं पाकीट पास ना?"

"तुमी दिलेलं पाकीट मी तपासलंच नाय, काका. ते माझ्यामागं उभ्या बाईचा नवरा खाऊन बरा झाला. बाजारात भेटली ती."

"मंग तपासलं काय?"

मी काचेकडं बोट दाखवलं.