येसाबाईच्या रक्ताची काच

येसाबाईवर अन्याय झाला. १९५७ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, दुपारी दोनच्या सुमारास, धानोरा भागातल्या एका सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, असे दवाखाने बरेच आहेत. मी तिथं नोकरीला होतो. काचपट्टीवर रक्त पसरायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं, हे माझं काम.

आधीच सांगून टाकतो — भूत, करणी, पुजाऱ्याचा अंगारा, यातलं मी काही मानत नाही. नोकरीआधी दोन वर्षं मी याच गोष्टींविरुद्ध पत्रकं लिहिली, आठवडी बाजारात उभा राहून वाटली, शिव्या खाल्ल्या. त्यामुळे पुढचं लिहिताना माझा मलाच राग येतो आहे. पण जे पाहिलं ते पाहिलं...

येसाबाईची काच उन्हाळ्यातली. मलेरियासाठी आम्ही गावोगाव रक्त घेत होतो. बाई अगदी धडधाकट. मोहाची टोपली डोक्यावरून न उतरवताच तिनं बोट पुढं केलं. "जास्त नको काढू बाबू, मले अजून घरापावतर चालाचं हाये." मलेरिया निघाला नाही, पण रक्त इतकं एकसारखं पसरलं होतं की ती काच मी नमुना म्हणून ठेवून घेतली.

आमच्याकडे नाव चिठ्ठीवर लिहीत नाहीत. रक्त वाळलं की त्याच्या जाड कडेवरच पेन्सिलीनं नाव कोरतात, आणि मग रंगवतात. चिठ्ठी बदलू शकते, हे नाव बदलत नाही.

रोज सकाळी कामाला बसताना मी आधी तीच काच लावायचो. निरोगी न्यूट्रोफिल डोळ्यांत बसलेला असला की आजारी लगेच कळतो. न्यूट्रोफिल म्हणजे रक्तातली पांढरी पेशी. निरोगी असेल तर तिचं केंद्र तीन-चार गोळ्यांत विभागलेलं, गोळे बारीक धाग्यांनी जोडलेले, भोवती फिकट गुलाबी रवा. चार-पाच महिने मी हेच बघत होतो. पोळ्याच्या सकाळीही हेच.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी ते नव्हतं.

केंद्रं विभागलेलीच नव्हती. विळ्यासारखी वाकलेली, कोवळी. भोवती रव्याच्या जागी जाड, काळपट जांभळे दाणे. मधेमधे पोकळ भोकं. अंगात कुठंतरी पू झाला आणि विष रक्तात उतरलं की असं दिसतं. मी काच काढून नाव वाचलं. येसाबाई. माझंच अक्षर.

आणि मी काय केलं? तास-दीड तास भिंगं पुसत बसलो. स्वतःचं बोट टोचून, त्याच रंगानं काच रंगवून पाहिली. माझ्या पेशी ठणठणीत. मग डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला आणि सहज म्हणाले, "हा रोगी वाचायचा असेल तर आजच पेनिसिलिन हवं. कोणाची आहे?"

मी सांगितलं. ते हसले. वाळलेलं रक्त पाच महिन्यांनी आजारी पडत नसतं, तू नाव चुकवलंस, म्हणाले. त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

दुपारी बुधाजी आला. येसाबाईचा नवरा. चौदा मैल चालत, छातीभर पाण्याचा नाला ओलांडून. कमरेपर्यंत चिखल. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, काढायला गेली असताना बांबूचा खुंट बाईच्या तळपायात घुसला होता, पाय मांडीपर्यंत सुजला होता, आदल्या रात्रीपासून ती बरळत होती. त्याला औषध हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, रोगी आणा.

"कशी आणू साहेब? नाल्यातून गाडी नाई येत. बाई उठून नाई राह्यली."

"मग औषध काय चारोळीसारखं पुडीत बांधून देऊ? इंजेक्शन आहे ते."

मी म्हटलं, मला सायकल द्या, नाल्यापर्यंत नेतो, पुढं चालत जातो, इंजेक्शन मला देता येतं. सकाळची काच आठवा. तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पत्रकवाले, औषध बाईला द्यायचं की काचेला?" व्हरांड्यातले लोक हसले. बुधाजी नाही हसला. त्यानं मला विचारलं, "बाबू, कोणती काच?" मी औषधाच्या कपाटाकडे वळलो. कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या खिशात होती. बुधाजी रिकाम्या हातानं परत गेला.

तिसऱ्या दिवशी चौघांनी तिला खाटेवर घालून आणलं. इंजेक्शन दिलं. मी तिच्या बोटाचं ताजं रक्त घेतलं, रंगवलं, दोन्ही काचा शेजारी ठेवल्या. तीच विळ्यासारखी केंद्रं, तेच दाणे, तीच भोकं. डॉक्टरांनी दोन्ही पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, आणि उठून गेले. दिवस मावळायच्या आत बाई गेली.

नोंदवहीत त्यांनी लिहिलं — "रोगी उशिरा आणला."

वाळलेलं रक्त कसं बदललं, मला आजही माहीत नाही. रंग, पाणी, उजेड, माझे डोळे, सगळं तपासून झालं. उत्तर नाही. नोकरी सोडताना काच मी बरोबर आणली. ओळखीचे लोक ती बघायला येतात, डोळा लावतात, "अद्भुत" म्हणतात, चहा पिऊन जातात. मेली ती बाई कोणामुळे, हे एकानंही विचारलेलं नाही.

तुम्ही तरी काच बघायला येऊ नका. उद्या सकाळी तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि विचारा, रोगी उठू शकत नसेल तर इथून कोण जातं? उत्तर तोंडी घेऊ नका. लिहून, सही करून घ्या, आणि ते बाजारात मोठ्यानं वाचून दाखवा.