माझ्या नावावर मागितलेले तांदूळ

भुताखेतांच्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आले. चाळीत कुणाच्या अंगात आलं की मी म्हणायची, आधी तिला चहा-चपाती द्या, सकाळपासून उपाशी असेल बिचारी. तुमचे सगळ्यांचे अनुभव मी इथे रोज वाचते, नातीने मोबाईलवर लावून दिलंय. पण स्वतःचा लिहायला इतकी वर्षं लागली ती भीतीमुळे नाही... लाजेमुळे.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आम्ही दादरला दोन खोल्यांत राहायचो, ह्यांच्या रिटायरमेंटला थोडी वर्षं उरलेली. विरारला तिसऱ्या मजल्यावर वन-रूम-किचन आला असता, त्याच पैशांत ह्यांनी वसईजवळ गिरीजला घर शोधलं — जमिनीसकट. जागा गावठाणातली, शेतजमीन नव्हे, म्हणून आमच्यासारख्या नोकरदारांना घेता आली. दोन कौलारू खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर, थोडे नारळ, थोड्या केळी. आधीचे मालक नवरा-बायको, दोघं धडधाकट, मुलाकडे मीरारोडला गेलेले. तुम्ही विचाराल म्हणून सांगते, त्या घरात कुणी बाई अशी-तशी गेली वगैरे काही नव्हतं. मी नंतर खोदून खोदून विचारलंय.

घर मी एकदाच बघितलं होतं, उन्हाळ्यात. खरेदी झाल्यावर ह्यांनी नवीन कुलूप लावलं, किल्ली ह्यांच्या जुडग्यात. मग धाकट्याची अ‍ॅडमिशन, मग पाऊस... राहायला जाणं दसऱ्यावर गेलं.

टेम्पोतून सामान उतरत होतं तेव्हा शेजारच्या वाडीतून सुमनवहिनी आल्या. मी आपली ओळख करून द्यायला गेले, तर म्हणाल्या, "आता कसली ओळख, वहिनी. आलात एकदाच्या. मूठभर तांदळासाठी दादरहून यायला नको आता."

मला वाटलं थट्टा करतायत. "कसले तांदूळ?"

"असं काय करता? भर पावसात आला होतात ना, ते अबोली पातळ नेसून. नुसत्या निथळत होतात. बसा म्हटलं तर बसेनात."

माझं अबोली पातळ — भावाने दिलेलं — त्या वेळी टेम्पोत होतं, ट्रंकेत. मी हसले. हे मात्र हसले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात समोरच्या आग्नेसबाय आल्या. लाल चौकड्यांचं लुगडं, पांढरे केस. घरात त्या त्यांच्या बोलीत बोलायच्या, ती मला कधीच धड कळली नाही. आमच्याशी मात्र आमच्यासारखं. त्यांनी माझा हात हातात घेतला. "माझ्याकडून गूळ नेलास, बाय. म्हणालीस, राहायला आले की परत करीन. मी म्हटलं, घाई नाय."

ह्यांनी कुलूप काढलं. आत कोंदट वास, कोळिष्टकं. आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन वाट्या, घासून पालथ्या घातलेल्या. तेव्हा भांड्यांवर नावं घालून घ्यायची पद्धत होती. एकीवर सुमनवहिनींच्या सासऱ्यांचं नाव, दुसरीवर आग्नेसबायच्या मिस्टरांचं. ओट्यावर धुळीचा थर होता... वाट्यांवर नव्हता.

आता तुम्हाला भीती वाटेल. मला नाही वाटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी आई म्हणायची, उपाशी निजावं, पण शेजारी वाटी घेऊन जाऊ नये. आणि मी गेले नव्हते हो. चाळीत एवढी वर्षं काढली, कुणाकडे चिमूटभर साखर मागितली नव्हती. आणि इथे, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं, तिथे माझं तोंड घेऊन कुणीतरी दारोदार हात पसरून गेलं होतं.

सामान लावून झाल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "तू आली होतीस का इथे? मला न सांगता?"

"किल्ली तुमच्याकडे होती ना?"

"म्हणून तर विचारतोय." मग म्हणाले, "टाक त्या वाट्या विहिरीत. कोण विचारतंय."

विहिरीत टाकल्या तर मी चोर. परत केल्या तर मागितल्याची कबुली. मी परत केल्या. आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून एकीत तांदूळ भरले, एकीत गूळ. सुमनवहिनी म्हणाल्या, "ठेवायचेत की हो, आम्ही काय पोलिसात जाणार होतो?" आणि हसल्या. ते मी गिळलं. आग्नेसबायना मात्र मी खरं सांगायला गेले. म्हटलं, "देवाशपथ, ती मी नव्हते." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "होतं असं कधी कधी, बाय. नवीन घर असतं."

ती कीव माझ्या जिव्हारी लागली. टोमण्याला उत्तर देता येतं, कीवेला काय देणार?

त्यानंतर किती वर्षं... कुणाच्या वाडीत घड उतरला की आमच्या फाटकावर केळ्यांची एक फणी टांगलेली असायची. हळदीकुंकवाला माझ्या ओटीत सगळ्यांपेक्षा जास्त तांदूळ पडायचे. "घ्या वहिनी, लाजू नका." चांगली माणसं हो, वाईट कुणीच नव्हतं. पण ती केळी माझ्या घशाखाली उतरायची नाहीत, मी शिकरण करून पोरांना घालायची. ह्यांनी तो विषय परत काढला नाही. पण पेन्शन आली की पहिल्यांदा तांदळाचा डबा काठोकाठ भरायचे. हे जाईपर्यंत. म्हणजे ती मी नव्हते, ह्याची त्यांनाही शेवटपर्यंत खात्री नव्हतीच.

आता पुढचं. हे गेल्यानंतरची गोष्ट, दोन हजार दहाच्या आसपासची. आमच्या मागच्या अंगाला एक बंद घर होतं, ते भांडुपच्या लोकांनी घेतल्याचं कानावर आलं होतं. बघितलं नव्हतं कुणाला. एके दुपारी मी मागच्या दारी वाल सोलत बसले होते. एक बाई आली. तिशीची, निळी छापील साडी. नजर खाली. म्हणाली, "काकू, मूठभर तांदूळ द्याल? राहायला आले की परत करीन."

वाल खाली सांडले. पाय बघितले मी तिचे — खोटं कशाला बोलू. सरळ होते, आपल्यासारखे, चिखलाने भरलेले. माझ्या नावाची वाटी घेतली, शिगोशीग भरून दिली. ती केळींतून गेली आणि... गेली.

काही आठवड्यांनी टेम्पो आला. तीच बाई उतरली. माझ्याकडे बघून तोंडभर हसली. "नमस्कार काकू. मी कविता. आजच पहिल्यांदा आले, घर ह्यांनीच पसंत केलं. हे गाव कसं आहे हो?"

"चांगलं आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी ती मागच्या दारात उभी. पदराखाली काहीतरी लपवलेलं. चेहरा पांढराफटक. ती पदर बाजूला करायच्या आधीच मला कळलं.

"काकू, ही वाटी... आमच्या ओट्यावर होती. तुमचं नाव आहे. घर तर बंद होतं. शपथ घेऊन सांगते, मी काही —"

"अगं बाई, सापडली का? मीच विसरले होते तिथे. आधीच्या लोकांनी घर दाखवायला उघडलं होतं ना, तेव्हा त्यांना खोबरं नेऊन दिलं होतं त्यातून. केव्हाची शोधतेय."

तिने एवढा मोठा श्वास सोडला. मान वर आली तिची. "मी तर घाबरलेच हो," म्हणाली, आणि हसायला लागली. वाटीत तिने साखर घातली होती. रिकामी आणली नव्हती.

ती गेल्यावर मी पुढे पडवीच्या पायरीवर येऊन बसले. समोर आग्नेसबायचं घर दिसत होतं, कुलूप लावलेलं. त्या गेल्या त्याला दोन पावसाळे झाले होते. होतं असं कधी कधी, बाय. नवीन घर असतं. ती कीव होती असं मी इतकी वर्षं धरून बसले. पण आग्नेसबायसुद्धा कधीतरी सून म्हणून नव्या घरात आल्या होत्या, त्यांच्याही ओट्यावर कुणाची वाटी... मला माहीत नाही. रोज समोर बसायच्या त्या, मटारच्या शेंगा सोलत. विचारायला दहा पावलंसुद्धा चालायची नव्हती.

ती कोण होती, माझं तोंड घेऊन का आली, तांदूळ गेले कुठे — मला काही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा. आग्नेसबायना ठाऊक असेल असं मला आता वाटतं. पण त्या होत्या तेव्हा मला त्यांच्याकडे बघायचीच लाज वाटायची.