नारळावरचा हात

"शेवटची दारू कधी घेतलीत?" हा प्रश्न मी दिवसातून आठ-दहा वेळा तरी विचारते. पोटापाण्याचा धंदाच आहे माझा. अंधेरीच्या एका ऑफिसात दारूच्या व्यसनावर संशोधन चालतं. माणसं का पितात, त्याने काय होतं, थांबवता येतं का, वगैरे. ऑफिस एसीत बसतं आणि मी टॅब घेऊन मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जिने चढते. बाई दार उघडते, नवरा आत आडवा पडलेला असतो, आणि बाई म्हणते, "नाही हो ताई, कधीतरीच घेतो, कंपनी असली तर." मी मान डोलावते. समोरच्याशी वाद घालायचा नाही असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. मला वाद घालायची भारी खोड, पण पगारासाठी जीभ आवरते.

घाटकोपरच्या एका बाईने सगळे प्रश्न संपल्यावर मलाच विचारलं होतं, "झालं ना तुमचं? आता सांगा, मी काय करू?" मी तिला हेल्पलाइनचं कार्ड दिलं. तिने ते फ्रिजवर ठेवलं. तिथे आधीच तसली दोन कार्डं होती.

आता आमच्या घराचं सांगते. नाहूरला आम्ही तिघंच. आई, मी आणि माझा मोठा भाऊ. मी लग्न केलं नाही, आणि दादाचं झालेलं टिकलं नाही. वहिनी मुलीला घेऊन चेंबूरला माहेरी गेली ती गेलीच, आणि बरं केलंन. दादा सकाळपासून पितो. चहाच्या आधी लागते, नाहीतर कप धरवत नाही. फॉर्ममध्ये कारणांची लांबलचक यादी आहे: बेकारी, घरातले ताण, मित्रांची संगत. भांडुपची कंपनी बंद पडल्यामुळे दादा पितो, असं आई सगळ्यांना सांगते. कंपनी जोरात चालली होती तेव्हाही तो प्यायचा. तेव्हा पगार झाला म्हणून प्यायचा. खरं कारण कुठल्या चौकटीत बसतं ते मला अजून सापडलेलं नाही.

त्याच फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे: गेल्या वर्षभरात काही दिवस दारूशिवाय राहिलात का? आमची कोकणातली माणसं इथे हमखास खुलतात. "श्रावण पाळतो." "गणपतीत हात लावत नाही, ताई." एरवी दिवसरात्र पिणारा माणूस देवासाठी पाच दिवस कोरडा राहतो आणि ते सांगताना त्याची मान ताठ होते. हे मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या डोक्यात कल्पना आली. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून म्हटलं, "मॅडम, व्यसन सोडवायला याचा उपयोग करायला हवा. गणपतीत सोडायला लावायची, मग पुढे ताणायचं." मॅडमना फार आवडलं. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं, आणि मी अशी फुगले की विचारू नका. मॅडमनी ते अहवालात घातलं. मी म्हटलं, शुभस्य शीघ्रम्, घरापासूनच सुरुवात करू.

गावचं घर चुलत्यांकडे गेलं, त्यामुळे आमचा गणपती नाहूरलाच येतो. त्या वर्षी चतुर्थीच्या सकाळी मूर्ती पाटावर बसली आणि मी दादाचा हात धरून पुढ्यातल्या नारळावर ठेवला. "म्हण, आजपासून थेंब घेणार नाही." तो हसला. "तुझ्यासाठी म्हणतो गं," म्हणाला आणि शपथ घेतली. त्या वेळी तो मला लहानपणचा दादा वाटला.

मग आईने गाऱ्हाणं घातलं. बाबा गेल्यापासून ती स्वतःच घालते. "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाची दारू सुटूंदे," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं मोठ्याने म्हणालो, "होय म्हाराजा."

पहिला दिवस त्याने काढला. दुसऱ्या दिवशी घामाने गंजी भिजली, हात लटलट कापायला लागले, जेवण उलटून पडलं. मी म्हटलं, होणारच, विष बाहेर पडतंय. मोठी शहाणी मी. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मूर्तीसमोर बसून अंगावरचं काहीतरी निपटून काढायला लागला. मुंग्या, म्हणाला. मग भिंतीकडे बघून बाबांशी बोलायला लागला. बाबांना जाऊन नऊ वर्षं झालेली. सगळं अंग थरथरत होतं, डोळे लाल. आई स्वयंपाकघरातून आली, बघितलं आणि मटकन खाली बसली. "अवसर इलो," म्हणाली. म्हणजे अंगात आलं. गणपतीच्या दिवसांत, देवासमोर बसलेला, बाबांशी बोलणारा माणूस. आमच्याकडे याला दुसरं नावच नाही.

तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, धूप घातला, हात जोडून विचारलं, "कोण आसास तू? काय व्हया तुका?" तो काहीबाही पुटपुटत होता. आईला त्यात बाबांचा आवाज ऐकू आला.

मला काय ऐकू आलं? माझ्या ट्रेनिंगच्या फाइलमध्ये एक पान आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांनी हात कापतात, भास होतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. लगेच हॉस्पिटलात न्या. त्या पानावर पिवळ्या पेनाने रेघ मीच मारलेली आहे. आणि मी काय केलं? पदर नव्हता तर ओढणी डोक्यावर घेतली, आईच्या शेजारी बसले आणि विचारलं, "हा परत पिणार नाही ना?"

त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "नाही."

आनंदाने मला रडू फुटलं. तास गेला, दोन तास गेले, आम्ही दोघी धूप घालत बसलो. शेजारची माणसंसुद्धा पाया पडून गेली. दुपारी तो मागच्या मागे पडला, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. तेव्हा कुठे मला ते पान आठवलं.

हॉस्पिटलात डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "शेवटची दारू कधी घेतली?"

"तीन दिवस झाले," मी म्हटलं.

"अचानक बंद का केली? कोणी सांगितलं?"

"मी."

त्याने ते केसपेपरवर लिहून घेतलं. त्याने ओरडायला हवं होतं.

अकरा दिवसांनी दादा घरी आला. वाचला खरा, पण पूर्वीचा परत आला नाही. एकच गोष्ट चार वेळा विचारतो, मुलीचं वय विसरतो. दिवाळीला पुन्हा प्यायला लागला. आई अजून म्हणते की तो अवसरच होता, आम्ही सुया टोचून घालवला. मी मॅडमना सगळं सांगितलं आणि म्हटलं, अहवालातलं ते वाक्य काढा. त्या खरोखर हळहळल्या. म्हणाल्या, "अगं, अहवाल गेला वर." पुढच्या वर्षी आम्ही गणपती चुलत्यांकडे पोचवला आणि दादाला घरीच ठेवलं.

डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की यापुढे घरी बंद करायची नाही, इथे आणा, औषधं देऊन सोडवू. यंदा महिनाभर मी दादाच्या मागे लागले होते. "चल ना रे, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे." तो म्हणायचा, "तिथे हात बांधले होते माझे. त्यापेक्षा मरतो." भांडले, रडले, पाया पडले. पालथ्या घड्यावर पाणी. आणि आई गणपती घरी आणायचं म्हणून हटून बसली.

चतुर्थीला ड्राय डे असतो, म्हणून आदल्या दिवशी मीच भांडुपच्या वाइन शॉपवर गेले. माझ्याच सर्व्हेतला एक माणूस तिथे उभा होता. त्याने मला ओळखलं आणि मान फिरवली. क्वार्टर मी तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

सकाळी मूर्ती बसली. आई मोदक बघायला आत गेली. दादा आंघोळ करून पाटासमोर आला आणि कोणी न सांगता त्याने थरथरता हात नारळाकडे नेला. मी त्याचं मनगट धरलं.

"नको, दादा."

"सोडतो गं. खरंच सोडतो. या वेळी मनापासून."

"नको सोडूस. अशी नको. हॉस्पिटलात चल, आत्ता चल."

"तिकडे नाही येणार." तो माझ्याकडे बघत राहिला. "तूच ना ठेवला होतास हात? मग आता मी काय करू?"

माझ्याकडे कार्डसुद्धा नव्हतं. आई मोदकांचं ताट घेऊन बाहेर गेल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात नेलं, स्टीलच्या पेल्यात थोडी ओतली, पाणी घातलं आणि दिली. त्याने भिंतीकडे तोंड करून घेतली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि त्यालाही वाटत होती. थोड्या वेळाने त्याचे हात थांबले. तो तोंड धुऊन बाहेर गेला आणि आरतीचं ताट उचललं.

"बघ गो, यंदा हात कसो थीर आसा ह्येचो," आई मला हाक मारून म्हणाली. तिच्या आवाजात किती दिवसांनी आनंद होता. मग ती देवाकडे वळली आणि गाऱ्हाणं घालायला लागली. "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाची दारू सुटूंदे."

"होय म्हाराजा," दादा म्हणाला.

मी मोरीत पेला विसळत होते. आई थांबली होती. सगळ्यांनी म्हटल्याशिवाय ती पुढे जात नाही.

"होय म्हाराजा," मी आतूनच म्हटलं.