गणपतराव पंचांची सही

आमच्या पेठेतले गणपतराव पंच स्वतः कुठल्याच भानगडीत नसायचे, आणि तरी गावातल्या प्रत्येक भानगडीखाली त्यांची सही असायची. सरकारी माणसांनी काही जप्त केलं की पंचनाम्याला साक्षीदार लागतात. इतर लोक कोर्टाच्या भीतीनं बोळात पळायचे. गणपतराव मात्र कचेरीसमोरच्या चहाच्या गाड्यावर इस्त्रीची टोपी घालून तयार. "पंच म्हंजे निम्मा जज्जच की!" असं सांगत ते दुसऱ्याच्या पैशानं चहा प्यायचे.

वाचत मात्र काही नसत. बघतही नसत. घरी बायकोनं, धोंडुबाईंनी, विचारलं, "आमटी कशी झालीया?" तर ताटाकडं न बघता म्हणायचे, "बरोबर हाय." शेजारी म्हणून मी पंगतीला असलो की माझा नुसता जीव जळायचा. तसली आमटी अख्ख्या कोल्हापुरात मिळायची नाही!

शहाण्णवच्या उन्हाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. दवाखान्यात खाटा पुरेनात. हुकूम निघाला: उसाच्या रसात बर्फ घालायचा नाही, घातला तर चरक जप्त आणि वर खटला. धोंडुबाईंची कळंब्याच्या रस्त्याला रसवंती होती, आणि घर तिच्यावरच चालायचं, कारण निम्म्या जज्जाला पगार नसतो. बाईंनी बर्फ घातला होता का? घातला होता. मी स्वतः प्यालोय आणि भोगलंयही.

एके दुपारी इन्स्पेक्टरांनी गणपतरावांना जीपमध्ये घातलं आणि धाडी सुरू केल्या. ऊन असं की हे खाली उतरलेच नाहीत. जीप झाडाखाली, हे मागच्या सीटवर पेंगत. कागद आला की सही, कागद आला की सही.

संध्याकाळी घरी आले तर धोंडुबाई कपाळाला हात लावून बसलेल्या.

"चरक न्हेला की वो मेल्यांनी!"

"पंचनाम्यावर सही कुणाची हाय? दावा, बघतोच त्याला!"

बाईंनी कागद पुढं केला. गणपतरावांनी जन्मात पहिल्यांदा पंचनामा वाचला. खाली त्यांचीच सही होती, लांबलचक शेपटीसकट.

आता कोर्टात "बर्फ बघितला" म्हणावं तर चरक जातो, घर बसतं. "बघितला नाही" म्हणावं तर पंचगिरी बुडते. तारखेपर्यंत गणपतरावांना आमटी गोड लागली नाही.

तारखेला कोर्टात सरकारी वकिलांनी त्यांना विचारलं, "आरोपी तुमच्या कोण?"

"मंडळी."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला. "बायकोवरच्या धाडीत नवरा पंच? बर्फ डोळ्यांनी पाहिलात?"

गणपतरावांनी टोपी काढून हातात घेतली. "न्हाय साहेब. जीपमधनं खालीच उतरलो न्हाय."

"मग सही कशी केलीत?"

"सवय हाय, साहेब."

कोर्ट हसून लोळलं. साहेब हसले नाहीत. साथीत माणसं मरत असताना डोळे मिटून सही करता, म्हणून त्यांनी गणपतरावांना असं झाडलं की माझीही मान खाली गेली. पुन्हा पंच म्हणून दिसायचं नाही, अशी तंबी दिली. खटला मात्र टिकला नाही. चरक परत मिळाला, आणि बर्फ घालणार नाही असं धोंडुबाईंकडून कबूल करून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर गणपतराव बायकोकडं टक लावून बघत उभे राहिले.

"काय बघतासा?"

"लुगडं झ्याक हाय. नवं व्हय?"

"तुमीच आणलंय की," धोंडुबाई म्हणाल्या. "तीन दिवाळ्या झाल्या."