पाशामियाँचा फोटो

"अवो, दुनियेच्या दुखण्यापाशी जाऊन बसताव, माझ्या गुडघ्याशीच काय वैर?"

"आधी फोटो काढून आण."

"बायकोलाबी फोटो?"

"हाव. हाड मोडलंय का सडलंय, मला काय ठावं? मी नुसता बोलणार."

भिंतीपलीकडचं पाशामियाँ पिंजारी अन् खातूनबीचं हे भांडण मी तोंडाला पदर लावून ऐकलं होतं. तवा लई हसले.

भूकंपाच्या साली लातूरच्या एका दवाखान्यात तो गाद्या भरायचा. तिथं केवळाबाई पडली होती. डावा पाय कापलेला, अन् नसलेल्या पायाची आग व्हायची. पाशामियाँ खाटेशी बसला. "डोळे मीट, बहन. कापूस उडतोय. पायावर बसतोय. थंड." तासभर, कापूस पिंजायच्या धनुकलीच्या ठेक्यात. ती झोपली. पुढं ती आमच्याच गल्लीत राहिली, अन् दर जुम्म्याला नमाज पढून तो तिच्याकडं जायचा. दुखणं गेलं म्हणलं की चिडायचा. "गेलं न्हाई. जरा बाजूला सरकलं." नवी कळ निघाली तर एक्स-रेचा फोटो आणल्याबिगर बसायचा न्हाई. उन्हाला धरून बघायचा, कळायचं काही न्हाई, मग डॉक्टर काय बोलला ते विचारायचा.

पुढं गल्लीभर कोचिंग क्लास झाले. बोगस डॉक्टर शोधत साहेब आले. पाशामियाँकडं सर्टिफिकेट नव्हतं. यापुढं रोग्यापाशी बोलणार नाही, असं लिहून त्याचा अंगठा घेतला.

"लोक सह्या करून उलटतात, पाशाभाई, तुम्ही अंगठा पाळताव?"

"जबान दिली, भाबी."

एका क्लासच्या वरच संमोहन केंद्र निघालं. चौकटीतलं सर्टिफिकेट पंधरा दिवसांच्या कोर्साचं, हे माझ्या नातीनं वाचून सांगितलं. साहेबांनी ते बघितलं, चहा पिऊन गेले.

केवळाबाईच्या कंबरेत नवी कळ निघाली. केंद्राच्या टायवाल्या सरांनी फोटो मागितला न्हाई, खुर्चीत निजवलं. कळ थांबायची, म्हणून ती सहा महिने जात राहिली. फोटो निघाला तवा गाठ मणक्यात पसरलेली.

त्या जुम्म्याला पाशामियाँ दरसालासारखी तिची गादी पिंजायला गेला. त्याचं ते शेवटचं काम. मी दारात होते.

"बोला की, भाऊ," केवळाबाई म्हणाली.

त्यानं न्हाई म्हणून मान हलवली. उशाचा फोटो उन्हाला धरला, लई वेळ बघितला, परत ठेवला. मग गादी उसवून धनुकलीची तार छेडली. धुंग, धुंग. तिनं डोळे मिटले.

कापूस भरून त्यानं टाके घातले, दोरा दातानं तोडला, अन् धनुकली खांद्याला लावून घरी गेला.