एका सुट्टीत बसवलेला युरोप

युरोपला जाऊन आलेल्या माणसाला लोक काय पाहिलं ते विचारतात. आमच्याकडं तो विषय चहा गार व्हायच्या आत संपतो. जायच्या आधी जो गोंधळ झाला, त्याचे किस्से मात्र अजून संपलेले नाहीत. कुणाच्या लग्नात घरची चार माणसं एकत्र बसली की एकजण सुरुवात करतो, दुसरा त्याला दुरुस्त करतो, आणि परत येताना गाडीत आणखी एक किस्सा निघालेला असतो. आठवतात तेवढे सांगतो.

माझा धाकटा भाऊ सुधीर दोन हजारच्या सुमारास नोकरीसाठी जर्मनीला गेला. श्टुटगार्टला. मी शिरूरलाच राहिलो, तिथल्या एमआयडीसीत. आई आणि आप्पा दौंडला. आप्पा रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाल्यावरही क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावरच घर बांधलं.

सुधीर गेला तो तीन वर्षं आलाच नाही. कधी प्रोजेक्ट, कधी ऑडिट, दर वेळी काहीतरी निघायचं. मग एका रविवारी आम्ही सगळे दौंडला असताना त्याचा फोन आला. म्हणाला, "मला यायला जमत न्हाई, तर तुम्हीच या. मे महिन्यात एक आठवडा सुट्टी मिळतीय. कुठं कुठं जायचं ते तुम्ही ठरवा."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

आप्पा म्हणाले रोम. मी म्हणालो पॅरिस. माझी बायको मंगल म्हणाली लंडन. स्वित्झर्लंड सगळ्यांनाच पाहिजे होतं. फोन आईच्या हातात दिला तेव्हा तिनं विचारलं, "जेवलास का?"

*

त्याच संध्याकाळी आप्पांनी शाळेतलं जुनं नकाशाचं पुस्तक काढलं. युरोपच्या पानाचा खालचा कोपरा फाटलेला होता आणि अंतर मोजायची पट्टी नेमकी त्याच कोपऱ्यात. आप्पा अडून बसणारे नव्हेत. त्यांनी महाराष्ट्राच्या पानावरची पट्टी घेतली आणि तिच्यावरून युरोप मोजला.

"प्यारिस ते रोम म्हंजी दौंड-सोलापूर, वर थोडंसं," त्यांनी जाहीर केलं. "सकाळी प्यारिसला नाष्टा, दुपारी रोमला जेवण. लंडन संध्याकाळी."

आम्हालाही ते पटलं. मंगल म्हणाली, मग एवढ्या जवळ आहे तर व्हेनिसही घ्या. घेतलं. आठवड्यात नऊ शहरं बसली आणि एक दिवस आरामाला उरला.

पुढच्या रविवारी सुधीरला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आप्पा, मधी आल्प्स हाय. आन् लंडनच्या आधी समुद्र लागतो."

आप्पांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि आमच्याकडं बघितलं. "निळी रेघ दिसली व्हती मला. वाटलं, भीमेयेवढी असंल."

*

माहितगार माणसाला विचारावं असं ठरलं. माहितगार म्हणजे आईचे भाऊ, कासुर्डीचे मामा. कांद्याला चांगला भाव मिळाला त्या वर्षी ते आणि मामी एका टूरबरोबर युरोप करून आले होते. आमच्या सगळ्या नात्यात तेवढेच.

मामांनी अल्बम काढला आणि पहिल्याच फोटोवर बोट ठेवलं. "हे रोम." मग चष्मा वर केला. "न्हाई, थांबा. मागं निळी बस दिसती. निळी बस प्यारिसला व्हती."

"अहो, बस सगळीकडं तीच व्हती," मामी आतून म्हणाल्या.

मामांनी दुसरा मार्ग काढला. "हिची हिरवी साडी म्हंजी रोम. जांभळी प्यारिस. पिवळी असंल तर जिथं कारंजं हाय ते." त्या हिशोबानं काही पानं भराभर उलटली. मग बर्फाचे फोटो आले. त्यात मामी पायापासून डोक्यापर्यंत कोटात.

"हे कुठलं, मामा?" मी विचारलं.

मामांनी फोटो उजेडात धरून नीट पाहिला. "साडी दिसत न्हाई," ते म्हणाले. "कुठलं बी असू शकतं."

येताना मोटरसायकलवर मंगल मागून म्हणाली, "आपण शहरं कमी करू." त्या दिवशी रोम आणि व्हेनिस गेलं. आप्पांना मात्र आम्ही चार दिवस सांगितलं नाही.

*

रोम गेल्याचं कळल्यावर आप्पा रुसले. मग त्यांनी सगळा रेल्वेचा भाग स्वतःकडं घेतला. सुधीरनं गाड्यांच्या वेळा पाठवल्या होत्या. स्वित्झर्लंडला एका ठिकाणी गाडी बदलायला चार मिनिटं होती.

"हे छापताना चुकलंय," आप्पा म्हणाले.

सुधीरनं फोनवर समजावलं की तिथं तसंच असतं, समोरच्या फलाटावर गाडी उभी असते.

"आरं, चार मिन्टांत दौंडला इंजिन बी सुटत न्हाई. आधीची गाडी लेट झाली तर? माणूस उतरताना चप्पल अडकली तर? मी उभी हयात गाडीत काढली. जोडगाडीला दोन तास लागत्यात."

त्यांनी प्रत्येक बदलाला दोन-दोन तास घातले. काही ठिकाणी, त्यांना शंका आली म्हणून, तीन. मग सगळं मांडून आम्हाला ऐकवलं. पॅरिस दुपारपुरतं राहिलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये डोंगर पाहायला वेळच नव्हता.

आई शेंगा निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजी नुसती ठेसनंच बघायची व्हय? मग दौंड काय वाईट हाय?"

*

लंडनचं सगळ्यात अवघड झालं. लंडनला वेगळा व्हिसा लागतो हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि तो करायला वेळ उरला नव्हता. पण मंगल शिरूरला शाळेत शिकवते आणि तिनं स्टाफरूममध्ये लंडन सांगून टाकलं होतं. फक्त लंडन. बाकीची नावं सांगायला तिला लाज वाटली असावी.

लंडन कटल्याच्या दुसऱ्याच दिवशी शाळेत तिचा छोटासा समारंभ झाला. मुख्याध्यापकांनी नारळ आणि गुच्छ दिला. इंग्रजीच्या सरांनी लंडनवर भाषण केलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन ती गुच्छ घेऊन ओट्याजवळ उभी राहिली. मी विचारलं, "सांगितलंस का?"

"कुणी बोलूच दिलं नाही," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, आणि हसूही येत होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. सगळ्यांनी तिला घेरलं. "मग मॅडम, लंडन कसं होतं?"

मंगलनं क्षणभर विचार केला. "ढगाळ," ती म्हणाली.

*

जायच्या आधी जर्मनीच्या व्हिसाला मुंबईला जायचं होतं. तिथं कुणी भलतंच विचारलं तर आईचं काय, म्हणून आम्ही तिच्याकडून तयारी करून घेतली. काय पाहणार? पॅरिसचा टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ. मुलाकडं राहणार, फिरून परत येणार. आई पाठ म्हणायची. गाडीत लोणावळ्यापर्यंत तिनं बिनचूक म्हणून दाखवलं.

काचेपलीकडं एक गोरा साहेब आणि शेजारी मराठी बोलणाऱ्या बाई. त्या बाईंनी विचारलं, "आजी, तिकडं काय काय बघणार?"

"पोराला," आई म्हणाली.

मी मागून खाकरलो. बाई हसल्या. "आणि?"

आईनं जरा आठवायचा प्रयत्न केला, ते मला तिच्या मानेवरून कळत होतं. मग म्हणाली, "त्याचा पसारा."

बाईंनी साहेबाला इंग्रजीत काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. साहेबानं वर पाहिलं, आईकडं, मग कागदाकडं. व्हिसा मिळाला. बाहेर आल्यावर आप्पा तिला म्हणाले, "टॉवरचं इसरलीस." आई म्हणाली, "त्यांचं त्यांना म्हाईतच असंल की."

*

आता शेवटचा. हा तिकडचा आहे.

पॅरिस करून झालं होतं आणि आम्ही स्वित्झर्लंडला निघालो होतो. सुधीर आम्हाला रोज फिरवत होता आणि रोज कंपनीचे फोनही घेत होता. आम्ही आलो त्या दिवशी विमानतळावर मला तो पटकन ओळखूच आला नाही, एवढा वाळला होता. स्वित्झर्लंडच्या गाडीत बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. कुठं बदलायचं ते फक्त त्यालाच माहीत होतं.

एक मोठं स्टेशन आलं, लोक भराभर उतरायला लागले. आप्पा म्हणाले, "उठव त्याला, हेच असंल." मी हात पुढं केला तर आईनं माझं मनगट धरलं. "झोपू द्या."

"अगं, गाडी चुकंल."

"चुकू द्या."

गाडी सुटली. सुधीर जागा झाला तेव्हा आम्ही भलत्याच बाजूला खूप पुढं गेलो होतो. पुढच्या लहानशा स्टेशनावर घाईघाईनं उतरलो. परतीची गाडी बऱ्याच वेळानं होती. बर्फाचा डोंगर त्या दिवशी होणार नाही हे उघड होतं. आप्पा बाकावर बसले, मंगलनं चिवडा काढला, सुधीर सारखा सॉरी म्हणत राहिला. आई कुठंय म्हणून पाहिलं तर ती फलाटाच्या टोकाला कुंपणाशी होती.

कुंपणापलीकडं कोबीचे वाफे होते आणि एक म्हातारी बाई खुरपत होती. आईच्याच वयाची, डोक्याला रुमाल. दोघींचं बोलणं चाललं होतं. आई दौंडच्या मराठीत, ती तिच्या जर्मनमध्ये. एकीचं झालं की दुसरी बोलायची. मधेच ती बाई खुरपं ठेवून कुंपणाजवळ आली. मधेच आईनं डोळ्याला पदर लावला. आम्ही लांबूनच बघत होतो, कुणी हललं नाही.

गाडीची वेळ झाली तसा सुधीर आईला आणायला गेला. मीही मागोमाग गेलो. सुधीरनं त्या बाईंना जर्मनमध्ये नमस्कार केला. त्या बाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि एक प्रश्न विचारला. सुधीरनं नुसती मान हलवली आणि आईचा हात धरून निघाला.

गाडीत बसल्यावर मी त्याला विचारलं, "काय म्हणाली रे ती?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "म्हणाली, घरी कधी जाणार आहेस? आई वाट बघते." मग तो आईकडं वळला. "आई, तू तिला काय सांगितलंस?"

"मी कशाला काय सांगू," आई म्हणाली. "कोबीला कीड लागती का, तेवढं इचारलं."